वाळूखालचं गोडं पाणी

रेवदंड्याची वाळू काळी आहे. ओहोटी लागली की ती दूरवर ओली पडून राहते आणि तिच्यात अख्खं आकाश उतरतं. वाळली की करडी होते, आणि पायाला चिकटली तर मांडव्याला बोटीत चढेपर्यंत सुटत नाही. फोटोसाठी पांढरी वाळू हवी असणारे लोक इथे थांबत नाहीत. साळावचा पूल ओलांडून, कोर्लईचा डोंगर उजव्या हाताला टाकून ते सरळ काशीद गाठतात. मला वाटतं, या काळ्या वाळूनेच रेवदंड्याला राखलं. संध्याकाळी किनाऱ्यावर पाहुण्यांइतकीच गावातली माणसं असतात. मुलं क्रिकेट खेळतात, म्हातारे सुरूच्या बुंध्याला टेकून बसतात, एखादी कोळीण रिकामी पाटी काखेत मारून वाळूवरूनच घराकडे जाते. किनारा त्यांचा आहे आणि आपण आलो आहोत, हे कुणी न सांगता कळतं.

ताई बँकेतून निवृत्त झाली तेव्हाच ठरलं होतं की दोघींनीच कुठेतरी जायचं. लांब नको, विमान नको, सकाळी उठून पळापळ करत पाहायची ठिकाणं नकोत. "मला नुसतं बसायचंय," ती म्हणाली होती. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि आम्ही निघालो. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आहे. तासाभरात मुंबई मागे पडते. पण खरा प्रवास सुरू होतो तो अलिबागच्या पुढे. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा असा हा सतरा किलोमीटरचा रस्ता जवळजवळ सगळा माड-पोफळींच्या वाड्यांमधून जातो. आक्षीला शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा शिलालेख सापडला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. आपली भाषा प्रथम दगडावर उमटली ती या माडांच्या पट्ट्यात, हे आठवलं की त्या रस्त्यावरून जाताना मला दरवेळी भरून येतं.

हॉटेल रस्ता आणि समुद्र यांच्या मधल्या एका वाडीत आहे. अष्टागर म्हणवणाऱ्या या पट्ट्यातल्या पुष्कळ वाड्यांसारखी हीही रुंदीला बेताची आणि समुद्राकडे लांबच लांब गेलेली. बांधणाऱ्याने माड तोडले नाहीत, खोल्याच माडांना वळसा घालून गेल्या आहेत. त्यामुळे एकाही खोलीची भिंत सरळ नाही आणि एकही खोली दुसरीसारखी नाही. चुन्याच्या रंगाच्या भिंती, पायाला गार लागणारा कोबा, वेताच्या खुर्च्या, छप्पर नसलेलं न्हाणीघर. पहिल्या दिवशी डोक्यावर उघडं आकाश घेऊन अंघोळ करताना ताईला संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी ती आतून गाणं म्हणत होती.

आमच्या व्हरांड्यात एक पोफळ होती. छपराला गोल भोक ठेवून तिला वर जायला वाट करून दिली होती. पोफळ वाऱ्यात झुलते, म्हणून ते भोक तिच्या खोडापेक्षा चांगलं हातभर मोठं. पावसाचं पाणी खोडावरून उतरून मातीत जावं म्हणून खाली कोबाही तेवढाच गोल कापलेला, आणि त्या गोलात आळं केलेलं. खोडावर पडलेल्या झावळ्यांच्या वळ्या पांढरट आणि एकसारख्या अंतरावर होत्या, वर छपराजवळ हिरव्या होत गेलेल्या. मी कितीतरी वेळ त्या खोडाकडे पाहत बसले. ज्याने हे भोक आखलं त्याने आधी या झाडाजवळ उभं राहून वारा पाहिला असणार. देखणेपणाला आपण पैशाशी जोडतो. मला त्यात लक्ष दिसतं, कुणीतरी दिलेलं, चोखंदळ, शांत लक्ष. रात्रीचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर आणि मंद पिवळे होते. त्यामुळे माडांच्या शेंड्यांच्या वर तारे दिसत होते. एवढ्यासाठीसुद्धा मी त्या हॉटेलाला चांगलं म्हणेन.

न्याहारी वाढणारा मुलगा विशीतला असेल. शनिवारी दुपारी तो बांबूच्या आडोशाला उभा राहून फोनवर बोलत होता. कान देऊन ऐकायचं नव्हतं, पण भाषा कानावर पडली आणि आम्ही दोघी थबकलो. ताईला आधी ती कोंकणी वाटली. मग एखादा शब्द ओळखीचा वाटे आणि लगेच निसटे. त्याने फोन ठेवल्यावर ताईने विचारलंच. "कोर्लईची भाषा आहे, मॅडम. आईशी बोलत होतो. आम्ही नौ लिंग म्हणतो." मग मराठीत, रायगडी हेलात, त्याने सांगितलं की घरात हीच भाषा, शाळेत मराठी, आणि इथे पाहुण्यांशी हिंदी-इंग्रजी. खाडीपलीकडे कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी जी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथे ही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली भाषा आजही बोलली जाते. बोलणारे सारे मिळून हजाराच्या आसपास. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले. त्यांचे गव्हर्नर, कप्तान, पाद्री सगळे गेले. जे गेले नाहीत त्यांच्या तोंडी ही भाषा राहिली, आणि तिच्यात हा मुलगा आईला विचारत होता की तू जेवलीस का. काय विचारलं ते त्यानेच सांगितलं. त्या संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा डोंगर दिसला तेव्हा ताई म्हणाली, "त्याची आई तिथे असेल." किल्ला दिसला, असं ती म्हणाली नाही.

हॉटेलाच्या मागच्या बाजूला, जिथे पाहुणे सहसा जात नाहीत, जुनी विहीर आहे. रहाट गेला, पण त्याचा लाकडी आस कठड्यावर तसाच ठेवला आहे. झावळ्यांच्या कुंपणापलीकडे शेजारची वाडी. तिचे मालक सत्तरीचे. आम्ही विहिरीत डोकावत होतो तेव्हा पलीकडून त्यांनीच हाक मारली, "पाणी पिऊन बघा, गोडं आहे." पाणी खरंच गोडं होतं, आणि तिथून समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येत होती. "काका, समुद्र इतका जवळ आणि पाणी गोडं कसं?" ताईने विचारलं. "वरचं गोडं, खालचं खारं," ते म्हणाले. "हलकं ते वर राहतं. जपून काढलं तर राहतं."

त्यांनी अर्ध्या ओळीत सांगितलं ते भूजलशास्त्रात असंच आहे. पावसाळ्यात वाळूत मुरलेलं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात चटकन मिसळत नाही, त्याच्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर खाली चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. आणि उपसून उपसून ती पातळी तो एक फूट खाली गेली, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर येऊ पाहतं. रहाटाची गाडगी बैलाच्या चालीने पाणी काढत, झऱ्याला भरायला अवधी मिळे. मोटारपंप आणि बोअर तो अवधी देत नाहीत. मग वैशाखात विहीर मचूळ होते, आणि मचूळ पाणी प्यालेल्या पोफळीची पानं टोकांकडून करपू लागतात. हा सगळा हिरवा पट्टा, हे सगळे माड, आमच्या हॉटेलातली ती उघड्या आकाशाखालची अंघोळ, सारं त्या तरंगणाऱ्या गोड्या पाण्यावर उभं आहे.

मला या किनाऱ्यावर बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक हॉटेलाबद्दल हेच विचारावंसं वाटतं. खोलीतून समुद्र दिसतो का, हे नंतर. आधी विहीर कुठे आहे, किती उपसता, छपरावरचं पाणी पावसाळ्यात जमिनीत परत सोडता का. आमच्या हॉटेलात पन्हळीखाली शोषखड्डे होते, ते काकांनीच कौतुकाने दाखवले. पोहण्याचा तलावही लहान होता. त्यात चार हात मारले की भिंत येते. मला तो तेवढाच आवडला.

शनिवारी रात्री पोपटी होती. हॉटेलाने पाहुण्यांसाठी ठेवली होती, पण लावायला आले ते काकांचे पुतणे आणि त्यांचे मित्र, आणि लावली ती हॉटेलाच्या हिरवळीवर नाही, शेजारच्या भाताच्या मोकळ्या खाचरात. रायगडात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवतात. मग वालाच्या शेंगा, त्यांच्यावर मीठ आणि ओवा, मध्ये अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत, पाचोळा, वाळक्या झावळ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाल्याच्या ओलाव्यात सगळं शिजतं. शिजलं की नाही हे पाहायला एकाने मडक्याच्या तापल्या बुडावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं, आणि त्याने मान हलवली. मडकं काढून पाटीत ओतलं तेव्हा भांबुर्ड्याचा उग्र, औषधी वास वाफेबरोबर सगळीकडे पसरला. शेंग दातांत धरून ओढायची, दाणा तोंडात राहतो, साल हातात. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातली लहान मुलगी आधी हात लावत नव्हती. नंतर तिच्यासमोर सालांचा ढीग होता. उशिरापर्यंत सगळे त्या आगीभोवती बसलो. कुणी गाणी लावली नाहीत.

रविवारी रथसप्तमी. सकाळी काकांच्या घरून निरोप आला, चहाला या. अंगणात तुळशीजवळ त्यांच्या घरच्या आजी, वय नव्वदीच्या जवळ, गोवऱ्या पेटवून बसल्या होत्या. वर मातीचं बोळकं, त्यात दूध. सूर्य माडांच्या आडून वर आला तसं दूध वर आलं आणि कडेवरून उतू गेलं. कोणत्या दिशेने उतू गेलं ते आजींनी वाकून नीट पाहिलं. पूर्वेकडे. त्या प्रसन्न हसल्या. बाजूलाच सुपारी वाळत घातलेली होती, पिकलेली, नारिंगी, अंगणभर एका थरात. महिनाभराहून जास्त ऊन खाल्ल्यावर तिचं साल वाजू लागतं आणि मग ती सोलतात. आम्ही चहा प्यालो तेवढ्या वेळात आजींनी काठीने ती सुपारी पुन्हा एकदा सारखी केली.

"इथल्या किल्ल्यावर जाणार असाल तर दहाला निघा," काका म्हणाले. "आज सप्तमी. सातला पाऊणने गुणा, सव्वापाच. तेव्हा पूर्ण भरती. सहा तासांनी ओहोटी." तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची ही रीत या किनाऱ्यावर पूर्वापार आहे. छापील कोष्टक हाती नसताना लोक बोटांवर हा हिशोब करत आले आहेत, आणि तो जुळतो. आम्ही गेलो तेव्हा तटाच्या पायथ्याशी समुद्र मागे हटलेला होता आणि बाहेरून चालता येत होतं. काळ्या दगडाच्या तटावर शिंपले चिकटलेले, भेगांतून वडाची मुळं लोंबलेली. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी हा रेवदंड्याचा किल्ला बांधायला घेतला. त्याआधी १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना हरवलं होतं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत इथेच मारला गेला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने महिनोन्‌महिने या गावाला वेढा घातला. वसई १७३९ मध्ये पडली आणि पुढच्या वर्षी रेवदंडा मराठ्यांकडे आलं. इतकी माणसं ज्या भिंतीसाठी मेली, तिच्या आत आज वाड्या आहेत.

हे प्रत्यक्ष पाहीपर्यंत मला समजलं नव्हतं. डांबरी रस्ता तटातून आत शिरतो, त्यावरून एसटी जाते, आणि तटाच्या आत गाव आहे, घरं आहेत, पोफळींच्या रांगा आहेत. डोमिनिकन पंथाच्या चर्चची कमानदार छताची वेदी अजून उभी आहे आणि तिच्या अंगणात माड आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा, ज्याला गाव सातखणी म्हणतं, त्याचे वरचे मजले ढासळले, तरी तो माडांपेक्षा उंच आहे आणि खाडीतून येणाऱ्या होड्यांना लांबून दिसतो. त्याच्या पायथ्याशी तोफा पडल्या आहेत. एका तोफेवर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. ताई त्या तोफेजवळ बराच वेळ उभी राहिली. गोधडीच्या टाक्यांवरून हात फिरवत ती म्हणाली, "बारीक काम आहे गं."

पाहुण्यांची या गावाला दोन हजार वर्षांची सवय आहे. चौल आणि रेवदंडा आज वेगळी वाटतात, पण कुंडलिकेच्या मुखावरचं हे मुळात एकच बंदर. ग्रीकांच्या लिखाणात त्याचं नाव सिमुल्ला असं येतं, अरबांच्या लिखाणात सैमूर. बगदादचा प्रवासी मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी इथे येऊन गेला. आणि १४६९च्या सुमारास, वास्को द गामा भारतात यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, रशियातल्या त्वेर शहराचा एक व्यापारी इथे उतरला, अफनासी निकितिन. वाटेत लुटारूंनी त्याचा माल लुटला होता. उरल्यासुरल्या पैशांतून घेतलेला एक घोडा त्याने होर्मुझहून जहाजात घालून आणला, इथे विकून चार पैसे मिळतील म्हणून. चौलबद्दल त्याने वहीत लिहिलं ते अगदी साधं आहे. लोक अंगावर फारसं काही घालत नाहीत, डोकं उघडं ठेवतात, केसांची एक वेणी घालतात, आणि आपण जाऊ तिथे आपला गोरा रंग पाहायला माणसं मागे लागतात. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून धमकावलं, कुणीतरी मध्यस्थी केली म्हणून सुटला. बीदर पाहून, दाभोळहून जहाज पकडून तो परतीला लागला आणि स्मोलेन्स्कजवळ, घरी पोचण्याआधीच वारला. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक वसिली प्रोनिन यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. रेवदंड्याच्या हायस्कूलच्या आवारात त्याचं स्मारक आहे, २००२ मध्ये उभारलेलं. सुट्टी असल्याने शाळा शांत होती. सव्वीस जानेवारीच्या ध्वजवंदनासाठी मैदानावर फक्कीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या आणि उद्या त्या रेघांवर उभी राहणारी मुलं रोज या रशियन माणसाच्या स्मारकाशेजारून वर्गात जातात, हे मला फार मोलाचं वाटलं.

असेच बेने इस्रायली ज्यू. आज गावात त्यांचं बेथ एल नावाचं प्रार्थनामंदिर आहे आणि प्रार्थनेला माणसं थोडी. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेले हे लोक, अशी त्यांची परंपरा सांगते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात गावोगावी ते घाणा चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली म्हणवले. त्यांनी मराठी घेतली, मराठीत कीर्तनं रचली, आडनावं इथल्या गावांवरून लावली. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. जी माणसं शतकानुशतकं राहिली ती एका पिढीत गेली, आणि जाताना गावाचं नाव आडनावात घेऊन गेली.

सोमवारी निघायच्या आधी आम्ही काकांची वाडी पाहायला गेलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा ही वाडी अर्धी गेली होती. माड मुळासकट आडवे झाले, पोफळी कमरेत मोडल्या. "आवाज कसला होता तो," काका म्हणाले आणि पुढे त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत. त्यांनी सांगितलं ते नंतरचं. पडलेली झाडं ओढून काढण्यात तो पावसाळा गेला. पोफळीचं रोप लावायचं तर त्याला सावली लागते, कोवळं रोप उन्हात जळतं, आणि सावली देणारी झाडंच नव्हती. म्हणून आधी केळी लावल्या. केळींनी सावली धरल्यावर त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपं. मधल्या वर्षांत सुपारीचं उत्पन्न जवळजवळ नाही. अशाच वर्षांत या पट्ट्यातल्या पुष्कळांनी वाडीत दोन खोल्या काढल्या, घरगुती जेवण सुरू केलं, काहींनी जमीन दिली. काकांकडेही विचारणा झाली, समुद्राकडचा तुकडा द्या म्हणून. त्यांनी दिला नाही. तिथे आता रोपं आहेत.

त्या रोपांतल्या एकापाशी ते थांबले. खोड मनगटाहून थोडं जाड झालेलं. पानाच्या देठाचा रुंद हिरवा पदर सुटून खाली आला होता आणि त्याच्या मागून पहिली पोय बाहेर पडत होती. बंद, फिकट, तळहाताएवढी. काकांनी तिला हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. "येत्या जूनला सहा वर्षं होतील," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर वेळेला आलात." ताईने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ती पोय अगदी जवळून पाहिली.

या दोन हजार वर्षांत इथे जो जो आला त्याला कुणीतरी सावलीत बसवून पाणी दिलं असणार. मसूदीला, घोडेवाल्या निकितिनला, जहाज फुटून आलेल्यांना. वहीत ते कुणी लिहिलं नाही. मी मात्र लिहून ठेवते, की माघातल्या एका सकाळी रेवदंड्यात मला जो विसावा मिळाला तो एका माणसाने सहा वर्षं रोज शिंपून वाढवलेल्या सावलीत मिळाला. आमचं सुंदर हॉटेल त्याच सावलीच्या कडेला उभं आहे. ते तिच्याशी नीट वागतं, म्हणूनच मला ते सुंदर वाटलं.

बोलता बोलता वीज आली आणि पंप सुरू झाला. काकांचं आमच्याकडचं लक्ष उडालं. "पाणी फिरवायला हवं," म्हणत ते झपझप निघाले. टाक्यातून पाटात पाणी सुटलं होतं. पाट मुख्य रांगेने जातो, आणि प्रत्येक आळ्याच्या तोंडाशी मातीचा लहानसा बांध असतो. तो पायाने फोडायचा, आळं भरलं की फावडंभर माती ओढून बुजवायचा, की पाणी पुढच्या आळ्याकडे वळतं. काका पाटाच्या वरच्या टोकाला आणि खालच्या रांगा लांब. त्यांचा पुतण्या झेंडावंदनाला गेलेला. ताईने माझ्याकडे पर्स दिली, चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि पाटाच्या कडेने चालू लागली. "ताई, आपल्याला बोट गाठायचीय," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. काकांनी वरून हात करून दाखवलं, कुठे, किती. तिने टाचेने बांध फोडला आणि पाणी चिखल वाहत त्या आळ्यात घुसलं, झाडाच्या बुंध्याभोवती फिरलं, कडेला लागलं. ती मोठ्याने हसली. भरल्यावर फावड्याने माती ओढायला तिला जमेना, म्हणून मी खाली वाकून हातांनीच ओढली.

"असू द्या, असू द्या, पुरे तेवढी!" काका वरून ओरडले. "आता पुढचं आळं धरा!"